हिस्टरी फ्लो

हिस्टरी फ्लो (शब्दशः अर्थ ‘इतिहासाचा प्रवाह’) हे अनेक लेखकांनी मिळून लिहिलेल्या मजकुराचा संपादन-इतिहास एकाच चित्रात दाखवणारे माहिती-दृश्यांकनाचे तंत्र व त्यावर आधारलेले संगणकीय साधन आहे. फर्नांडा व्हिएगास आणि मार्टिन वॉटनबर्ग यांनी २००३ मध्ये आयबीएम कंपनीच्या संशोधन विभागात ते विकसित केले. इंग्रजी विकिपीडियावरील लेखांच्या जुन्या आवृत्त्यांचा अभ्यास करण्यासाठी त्याचा प्रथम वापर झाला. कोणत्या सदस्याने कोणता मजकूर लिहिला, तो किती काळ टिकला, कोणी काढला आणि कोणी परत आणला, हे या चित्रात रंगीत पट्ट्यांच्या रूपाने दिसते.

कोणालाही बदलता येणारा मजकूर विश्वासार्ह कसा राहू शकतो, या प्रश्नाचा प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे शोध घेणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत हिस्टरी फ्लोची गणना होते. ऑनलाइन सहकार्याच्या दृश्यांकनाच्या क्षेत्रात ते एक महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी

माणसांमधील संबंध चित्राने दाखवण्याची पद्धत संगणकाच्या आधीची आहे. मानसोपचारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘सोशिओग्राम’ या आकृतीचा विस्ताराने उपयोग केला. तीत प्रत्येक व्यक्ती एका बिंदूने आणि दोन व्यक्तींमधील ओढ किंवा तिटकारा त्यांना जोडणाऱ्या रेषेने दाखवला जाई. आजही सामाजिक जालाची बहुतेक चित्रे याच बिंदू-रेषांच्या पद्धतीवर आधारलेली असतात.

१९९० च्या दशकात ऑनलाइन संभाषण वाढले, तेव्हा एक नवी अडचण पुढे आली. प्रत्यक्ष बैठकीत कोण बोलत आहे, कोण गप्प आहे, गर्दी किती आहे, हे नजरेने कळते. पडद्यावर मात्र केवळ ओळींमागून ओळी दिसतात. एमआयटीच्या मीडिया लॅबमधील ज्युडिथ डोनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हरवलेला सामाजिक संदर्भ चित्राच्या साहाय्याने परत आणण्याचे अनेक प्रयोग केले. १९९९ मधील ‘चॅट सर्कल्स’ या प्रयोगात प्रत्येक सहभागी व्यक्ती एका रंगीत वर्तुळाने दाखवली जाई. ती बोलली की वर्तुळ संदेशाच्या लांबीनुसार मोठे होई आणि काही वेळाने पुन्हा आक्रसून फिके पडे. त्याच वर्षीच्या ‘पीपलगार्डन’ या प्रयोगात चर्चागटातील प्रत्येक सदस्य फुलाच्या रूपात असे आणि त्याचा प्रत्येक संदेश म्हणजे त्या फुलाची एक पाकळी असे.

संभाषण आणि सहलेखन यांत मात्र मूलभूत फरक आहे. संभाषणात प्रत्येकाचे बोलणे वेगळे राहते. सहलेखनात एकाचे वाक्य दुसरा बदलतो, तिसरा गाळतो, आणि अखेरीस वाचकासमोर येतो तो एकसंध मजकूर. त्यात लेखकांच्या खुणा दिसत नाहीत. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या विकीने आणि १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने या प्रकारच्या लेखनाला मोठे व्यासपीठ दिले. विकिपीडियाची प्रणाली लेखाची प्रत्येक आवृत्ती, ती जतन करणाऱ्याचे सदस्यनाव किंवा अंकपत्ता आणि वेळ यांची नोंद ठेवते. ही नोंद सर्वांसाठी खुली असते. परंतु शेकडो आवृत्त्यांची यादी वाचून लेखाची एकूण वाटचाल समजणे जवळजवळ अशक्य असते. ‘इतिहास’ या पानावर शेजारच्या दोन आवृत्त्यांमधील फरक पाहता येतो, संपूर्ण प्रवास नव्हे.

निर्मिती

व्हिएगास त्या वेळी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये संशोधन करत होत्या. वॉटनबर्ग हे गणिताचे अभ्यासक आयबीएमच्या संशोधन विभागात कार्यरत होते. शेअर बाजाराचा आढावा आयतांच्या नकाशात दाखवणारा त्यांचा ‘मॅप ऑफ द मार्केट’ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. इंग्रजी विकिपीडियाच्या मे २००३ पर्यंतच्या आवृत्त्या त्यांनी अभ्यासासाठी घेतल्या. आयबीएममधील कुशल दवे यांच्यासह लिहिलेला त्यांचा शोधनिबंध एप्रिल २००४ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या मानव-संगणक आंतरक्रियेवरील ‘सीएचआय’ परिषदेत सादर झाला. लेखकांमधील सहकार्य आणि संघर्ष हा त्या निबंधाचा विषय होता.

चित्राची रचना

आवृत्ती-रेषा

हिस्टरी फ्लोच्या चित्रात लेखाची प्रत्येक आवृत्ती एका उभ्या रेषेने दाखवली जाते. रेषेची उंची त्या आवृत्तीतील मजकुराच्या लांबीच्या प्रमाणात असते. रेषेचे वरचे टोक म्हणजे लेखाचा आरंभ आणि खालचे टोक म्हणजे शेवट. आवृत्त्या डावीकडून उजवीकडे कालक्रमाने मांडलेल्या असतात. प्रत्येक सदस्याला एक रंग दिलेला असतो आणि रेषेचा जो भाग ज्या सदस्याने लिहिला, तो भाग त्याच्या रंगात दिसतो. शेजारच्या दोन रेषांमध्ये जो मजकूर कायम राहिला असेल, त्याचे दोन्ही भाग रंगीत पट्ट्याने जोडले जातात. जो मजकूर गाळला गेला त्याचा पट्टा तेथेच संपतो, आणि नव्या मजकुराच्या डावीकडे रिकामी फट दिसते.

एक काल्पनिक उदाहरण

समजा, ‘क’ या सदस्याने चार वाक्यांचा लेख सुरू केला. त्याचा रंग लाल. पहिली रेषा चार एकक उंच व संपूर्ण लाल असेल. त्यानंतर ‘ख’ने शेवटी दोन वाक्ये जोडली, तिचा रंग हिरवा. दुसरी रेषा सहा एकक उंच असून तिचा वरचा चार एककांचा भाग लाल आणि खालचा दोन एककांचा भाग हिरवा असेल. पुढे ‘ग’ने ‘क’चे दुसरे वाक्य काढून त्या जागी स्वतःची तीन वाक्ये घातली, त्याचा रंग निळा. तिसऱ्या रेषेची उंची आठ एकक होईल. तिच्यात वरून खाली एक लाल, तीन निळी, दोन लाल आणि दोन हिरवी वाक्ये असतील. दुसऱ्या व तिसऱ्या रेषेच्या दरम्यान लाल पट्टा दुभंगलेला दिसेल. त्याचा एक भाग सरळ पुढे जाईल, दुसरा खाली झुकेल आणि गाळलेल्या वाक्याची लाल पट्टी मध्येच थांबेल.

आता चौथ्या सदस्याने सगळा मजकूर पुसून टाकला, तर चौथी रेषा जवळजवळ शून्य उंचीची होईल आणि चित्रात वरपासून खालपर्यंत घाव घातल्यासारखी पोकळी दिसेल. कोणी तिसरी आवृत्ती पूर्ववत केली, की पाचव्या रेषेपासून प्रवाह पुन्हा पूर्वीच्या उंचीने सुरू होईल.

अंतर मोजण्याच्या दोन पद्धती

आवृत्ती-रेषांमधील आडवे अंतर दोन प्रकारे ठरवता येते. पहिल्या प्रकारात सर्व रेषा समान अंतरावर असतात. त्यामुळे प्रत्येक संपादन, ते एका मिनिटात उलटवले गेले असले तरी, सारख्याच ठळकपणे दिसते. दुसऱ्या प्रकारात रेषांमधील अंतर प्रत्यक्ष कालावधीच्या प्रमाणात असते. दोन मिनिटांत दुरुस्त झालेला उत्पात अशा चित्रात इतका अरुंद होतो, की डोळ्यांना दिसतच नाही.

गर्भपात या विषयावरील इंग्रजी लेखाचे चित्र या संदर्भात विशेष प्रसिद्ध आहे. समान अंतराच्या मांडणीत त्या लेखाच्या प्रवाहात मजकूर पूर्णपणे नाहीसा झाल्याच्या ठळक फटी दिसतात. तोच इतिहास कालानुसार मांडला की त्या फटी अदृश्य होतात. दोन्ही चित्रे खरी आहेत. पहिले चित्र संपादकांना किती वेळा झगडावे लागले हे सांगते, तर दुसरे वाचकाच्या नजरेस काय पडले असते हे सांगते. एकाच माहितीची मांडणी बदलली की तिच्यातून निघणारा निष्कर्षही बदलू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

रंगांचे पर्याय

सदस्यानुसार रंग देण्याखेरीज मजकुराच्या वयानुसार छटा देण्याची सोयही या साधनात आहे. त्यामुळे जुना, टिकून राहिलेला मजकूर आणि नुकताच आलेला मजकूर वेगळा ओळखता येतो. एकाच सदस्याचे योगदान किंवा प्रत्येक आवृत्तीतील केवळ नवा मजकूर ठळक करून पाहणेही शक्य असते. खाते न उघडता संपादन करणाऱ्यांना स्वतंत्र रंग न देता करड्या छटेत दाखवले जाते.

मजकुराची तुलना

दोन आवृत्त्यांत कोणता मजकूर समान आहे, हे ठरवण्यासाठी पॉल हेकेल यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या रीतीचा आधार घेतला आहे. या रीतीत दोन्ही मजकुरांचे लहान तुकडे पाडले जातात. जो तुकडा दोन्ही मजकुरांत प्रत्येकी एकदाच येतो, तो दोन्हीकडे एकच आहे असे धरले जाते. अशा निश्चित जागांपासून सुरुवात करून शेजारचे तुकडे जुळतात का, हे पुढे-मागे तपासले जाते. एखादा परिच्छेद जागा बदलून दुसरीकडे गेला, तरी तो नवा मानला न जाता हलवलेला म्हणून ओळखता येतो, हा या रीतीचा लाभ आहे.

हिस्टरी फ्लोमध्ये हे तुकडे विरामचिन्हांच्या आधारे पाडलेले, साधारणतः एका वाक्याएवढे असतात. लेखाच्या इतिहासाचा एकूण आकार पाहण्यासाठी एवढी सूक्ष्मता पुरेशी ठरते. मात्र तिचा एक परिणाम ध्यानात ठेवावा लागतो. एखाद्याने वाक्यातील एकच शब्द शुद्ध केला, तरी ते संपूर्ण वाक्य नवे ठरून त्याच्या नावावर जाऊ शकते. चित्रातील रंग म्हणजे लेखनाच्या श्रेयाचा अचूक हिशेब नव्हे.

आढळलेल्या बाबी

उत्पात आणि दुरुस्ती

संशोधकांनी उत्पाताचे निरनिराळे प्रकार नोंदवले: संपूर्ण मजकूर पुसणे, आक्षेपार्ह मजकूर घालणे, विषयाशी संबंध नसलेला मजकूर टाकणे, लेखाचे चुकीचे पुनर्निर्देशन करणे, आणि एकांगी किंवा वैयक्तिक हट्टाचा मजकूर लादणे. यांपैकी संपूर्ण मजकूर पुसण्याचा प्रकार यंत्राद्वारे सहज शोधता येतो. अशा घटनांची दुरुस्ती होण्यास लागलेल्या वेळेचा मध्यक २.८ मिनिटे होता. पुसलेल्या मजकुराच्या जागी अश्लील शब्द लिहिले असल्यास तो १.७ मिनिटे इतका कमी होता.

या तत्परतेमागे विकिपीडियावरील काही साध्या सोयी असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले. आपण लिहिलेल्या लेखांवर लक्ष ठेवण्यासाठी निरीक्षणसूची, सर्व नव्या संपादनांचे ‘अलीकडील बदल’ हे पान आणि जुनी आवृत्ती सहज परत आणण्याची व्यवस्था, यांमुळे मोडण्यापेक्षा दुरुस्त करण्याचे श्रम अधिक नसतात.

संपादन युद्ध

दोन सदस्य एकमेकांचे बदल वारंवार उलटवू लागले, की चित्रातील पट्टे एकाआड एक वर-खाली होऊन नागमोडी आकृती तयार होते. चॉकलेटवरील लेखाचे चित्र याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. चॉकलेटपासून केल्या जाणाऱ्या एका विशिष्ट अतिवास्तववादी शिल्पप्रकाराचा उल्लेख लेखात असावा की नसावा, यावरून तेथे वाद झाला होता. मजकूर न वाचताही केवळ आकृतीवरून हा वाद ओळखता येतो.

पहिल्या मजकुराचा लाभ

लेखाच्या आरंभीच्या आवृत्तीत लिहिलेला मजकूर नंतर आलेल्या मजकुरापेक्षा अधिक काळ टिकतो आणि त्यात तुलनेने कमी बदल होतात, असे आढळले. पहिला लेखक लेखाची रचना व सूर ठरवतो आणि पुढचे लेखक बहुधा त्या चौकटीत भर घालतात. तसेच, परिच्छेद एका जागेवरून दुसरीकडे हलवण्यापेक्षा नवा मजकूर घालणे आणि असलेला काढणे, हेच प्रकार अधिक प्रमाणात दिसले.

स्थैर्य आणि अनामिकता

लेख काही काळाने परिपूर्ण होऊन स्थिर होतात, या अपेक्षेला चित्रांतून आधार मिळाला नाही. बरेचसे लेख सतत वाढत आणि बदलत राहिल्याचे दिसले. अनामिक संपादन आणि उत्पात यांच्यातही स्पष्ट संबंध आढळला नाही. अनामिक सदस्यांपैकी कित्येकांचे योगदान उपयुक्त होते.

आकड्यांचा अर्थ

‘विकिपीडियावरील उत्पात काही मिनिटांत दुरुस्त होतो’ हे विधान हिस्टरी फ्लोच्या आधारे अनेकदा केले जाते. मूळ निष्कर्ष यापेक्षा मर्यादित आहे. ज्या घटनांचा मध्यक २.८ मिनिटे होता, त्यांच्याच दुरुस्तीच्या काळाची सरासरी ७.७ दिवस होती. अश्लील मजकुराच्या बाबतीतही मध्यक १.७ मिनिटे, तर सरासरी १.८ दिवस होती.

ही तफावत एका काल्पनिक उदाहरणाने समजते. पाच लेख पुसले गेले आणि ते अनुक्रमे १, २, ३ व ४ मिनिटांनी आणि पाचवा ३० दिवसांनी दुरुस्त झाला, असे मानू. या पाच कालावधींचा मध्यक ३ मिनिटे आहे; सरासरी मात्र सुमारे ६ दिवस येते. मध्यक सांगतो की निम्म्या घटना अतिशय लवकर हाताळल्या गेल्या. सरासरी सांगते की काही थोड्या घटना दीर्घकाळ कोणाच्याही लक्षात आल्या नाहीत. ज्या लेखांकडे कोणी पाहत नाही, त्यांच्या वाचकाच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते.

मर्यादा

हिस्टरी फ्लोचे चित्र मजकुरातील हालचाल दाखवते, मजकुराची सत्यता दाखवत नाही. पुसलेला लेख ठळक फट म्हणून दिसतो; परंतु गंभीर सुरात लिहिलेले एखादे खोटे वाक्य इतर वाक्यांसारखाच एक शांत, सलग पट्टा होऊन राहते. अमेरिकन पत्रकार जॉन सिगेन्थॅलर यांच्या इंग्रजी चरित्रलेखात मे २००५ मध्ये घातलेला खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला होता. त्यात केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध सूचित केला होता. या प्रकारच्या चुकीत प्रवाह खंडित होत नाही. त्यामुळे केवळ आकृती पाहून ती शोधता येत नाही.

दुसरी मर्यादा चित्राबाहेर राहणाऱ्या सहकार्याची आहे. लेखातील बदलांमागे चर्चा पानावरील वाद, समेट आणि सूचना असतात. लेखाच्या मजकुरापुरते मर्यादित चित्र हा भाग दाखवत नाही. एखादा वाद चर्चा पानावर सामोपचाराने मिटला, तर लेखाच्या चित्रात त्याची खूण उमटत नाही. वाद न मिटता संपादन युद्ध झाले, तरच तो दिसतो. त्यामुळे अशा चित्रांत संघर्ष ठळक आणि समजुतीने झालेले काम फिके दिसण्याची शक्यता असते.

तिसरी मर्यादा व्याप्तीची आहे. हजारो आवृत्त्या आणि शेकडो सदस्य असलेल्या लेखात रंग एकमेकांपासून वेगळे ओळखणे कठीण होते. शिवाय हे साधन एका वेळी एकाच लेखाचा इतिहास दाखवते. एक सदस्य अनेक लेखांवर कसे काम करतो, हे त्यातून कळत नाही.

नंतरची साधने

याच मर्यादांमधून पुढील अनेक साधने निर्माण झाली. व्हिएगास, वॉटनबर्ग व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लेखांच्या पानांपेक्षा चर्चेची आणि समन्वयाची पाने अधिक वेगाने वाढल्याचे दाखवले. त्याच वर्षीच्या ‘क्रोमोग्राम’ या तंत्रात लेखाऐवजी सदस्य केंद्रस्थानी होता. त्याने संपादित केलेल्या पानाच्या शीर्षकातील किंवा संपादन सारांशातील पहिल्या तीन अक्षरांवरून रंग ठरवून त्याची सर्व संपादने छोट्या रंगीत चौकटींच्या रांगेत मांडली जात. वर्णानुक्रमाने याद्या हाताळणारे सदस्य या चित्रांत रंगांच्या क्रमिक बदलावरून ओळखू येत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील संशोधकांनी तयार केलेल्या ‘विकिट्रस्ट’ या साधनाने लेखातील कमी विश्वासार्ह वाटणाऱ्या शब्दांमागे नारिंगी छटा दाखवली. ‘विकिडॅशबोर्ड’ने लेखाच्या माथ्यावरच त्याच्या संपादनांचा आलेख आणि प्रमुख संपादकांची नावे दिली. सॉफ्टवेअरच्या सहनिर्मितीचा इतिहास चलच्चित्राच्या रूपात दाखवणारी ‘कोड स्वॉर्म’ आणि ‘गोर्स’ ही साधनेही याच काळातील आहेत.

स्टीफन लापोर्ट व महमूद हाशमी यांनी २०१३ मध्ये तयार केलेल्या ‘लिसन टू विकिपीडिया’मध्ये त्या क्षणी होणारी संपादने ध्वनी आणि वर्तुळांच्या रूपात येतात. मजकुरात भर पडली की घंटेचा आणि मजकूर कमी झाला की तार छेडल्याचा नाद होतो. बदल जितका मोठा, तितका स्वर खालचा असतो.

खासगीपणाचा प्रश्न

संपादन-इतिहास सार्वजनिक असला, तरी विखुरलेल्या नोंदी एकत्र करून काढलेले चित्र त्या नोंदींपेक्षा अधिक सांगते. एखादा सदस्य दिवसाच्या कोणत्या वेळी जागा असतो, कोणत्या विषयांवर वारंवार परततो आणि कोणाशी वाद घालतो, हे सुट्या नोंदींतून सहसा लक्षात येत नाही. चित्रात ते एका दृष्टिक्षेपात दिसते. २००७ मध्ये आलेल्या ‘विकिस्कॅनर’ या साधनाने अनामिक संपादनांचे अंकपत्ते संस्थांच्या जालव्यवस्थेशी जुळवून दाखवले. त्यातून हितसंबंधी संपादने उघड झाली. त्याचबरोबर ‘अनामिक’ म्हणून केलेले संपादन किती अनामिक असते, हा प्रश्नही चर्चेत आला. विकिमीडिया प्रकल्पांवर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या ‘तात्पुरत्या खात्यां’मध्ये खाते नसलेल्या संपादकाचा अंकपत्ता सर्वांना दिसत नाही.

मराठी मजकुराच्या संदर्भात

मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. तेथेही प्रत्येक लेखाचा इतिहास याच प्रकारे नोंदला जातो. त्यामुळे हिस्टरी फ्लोसारखे तंत्र मराठी लेखांनाही तत्त्वतः लावता येते. मात्र इंग्रजी मजकूर समोर ठेवून रचलेली साधने देवनागरीसाठी वापरताना काही गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट मोजमापाची. विकिपीडियावर बदलाचा आकार बाइटमध्ये दाखवला जातो. यूटीएफ-८ या संकेतनपद्धतीत साधे रोमन अक्षर एक बाइट घेते, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण किंवा मात्रा तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात तीन व्यंजनचिन्हे व दोन स्वरचिन्हे मिळून पाच संकेत आहेत. म्हणजे तो १५ बाइटचा होतो. रोमन लिपीत सात अक्षरांनी लिहिलेला हाच शब्द सात बाइटचा असतो. बाइटवर आधारलेल्या चित्रात मराठीतील संपादने प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसतात. त्यामुळे दोन भाषांतील लेखांची उंची थेट ताडून पाहणे योग्य ठरत नाही.

दुसरी गोष्ट वाक्ये ओळखण्याची. आधुनिक मराठीत वाक्याच्या शेवटी टिंबाचा पूर्णविराम वापरतात, तर हिंदीत दंड वापरण्याची रीत आहे. ‘डॉ.’, ‘इ.स.’, ‘पु.ल.’ यांसारख्या संक्षेपांतही टिंब येते. विरामचिन्हांवरून तुकडे पाडणाऱ्या प्रणालीला हे भेद माहीत नसल्यास वाक्ये चुकीच्या जागी तुटतात आणि श्रेयाचे रंगही चुकतात. क्रोमोग्रामची रंगयोजना तर रोमन वर्णक्रमावरच बेतलेली आहे.

तिसरी गोष्ट निष्कर्षांची. उत्पाताची त्वरित दुरुस्ती ही मोठ्या संख्येने पहारा देणाऱ्या सदस्यांवर अवलंबून असते. इंग्रजी विकिपीडियाच्या २००३ मधील नोंदींवरून काढलेले २.८ मिनिटांसारखे आकडे लहान संपादकवर्ग असलेल्या भाषांना तसेच लागू होतील असे मानता येत नाही. त्यासाठी त्या त्या भाषेतील लेखांचा इतिहासच तपासावा लागतो.

हे सुद्धा पहा

माहिती-दृश्यांकन
सामाजिक जाल विश्लेषण
विकी
संपादन युद्ध
मध्यक
मराठी विकिपीडिया